यादीतलं पहिलं नाव

सिताबाईनं कुमारचा पांढरा सदरा झटकला आणि त्याच्या अंगात चढवला. पोटावरची गुंडी काही लागेना.

"श्वास आत घे की," ती म्हणाली. "लई सुटलंय पोट."

"असू द्या, सिताबाई. दारू सुटली की माणूस अंग धरतं. साहेबांना तेच दिसायला पायजे," महेश्वरीताई म्हणाल्या. त्या व्यसनमुक्ती केंद्राच्या कार्यकर्त्या. सकाळपासून त्यांनी नोंदवही चारदा उघडून मिटली होती.

केंद्र तालुक्याच्या गावी होतं, सरकारी अनुदानावर चालायचं. चौदा खाटा, एक डॉक्टर, एक स्वयंपाकीण. अनुदानाचा दुसरा हप्ता अडकला होता. तो आला नाही तर सोमवारी केंद्राला कुलूप लागणार होतं. आज जिल्ह्याहून साहेब पडताळणीला येत होते. काल त्यांनी फोनवर विचारलं होतं, "सुधारलेल्यांच्या यादीत पहिलं नाव कुणाचं? कुमार? मग त्याच्याच घरी जाऊ. कागद नको, माणूस दाखवा."

नोंदवहीत कुमारच्या नावापुढं लिहिलं होतं, चैत्रात बेलभंडार उचलून शपथ घेतली, दारू सोडली.

चौदापैकी खिडकीजवळची खाट सिताबाईच्या धाकट्याची, रणधीरची. त्याला तिथं बावीस दिवस झाले होते. पहिला आठवडा तो भिंतीशी बोलत होता. गेल्या रविवारी त्यानं आईला ओळखलं आणि भाकरी मागितली. नव्वद दिवस पुरे झाल्याबिगर त्याला हलवू नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं. कुलूप लागलं तर तो सोमवारीच घरी येणार होता. आणि घरापासून दारूचा गुत्ता किती पावलांवर आहे, ते सिताबाईला पाठ होतं. साहेब येणार म्हणून आज तेवढा तो बंद होता.

म्हणून काल सांजच्याला तिनं, आता समोर सदरा घालून उभा होता त्याच्यापुढं पदर पसरला होता. एवढं एक कर, म्हणाली होती. तो लगेच व्हय म्हणाला. इतक्या सहज म्हणाला, की तिला त्याचाच राग आला.

"हात पुढं कर," ती आता म्हणाली.

त्यानं दोन्ही हात पुढं केले. बोट हललं नाही. त्याच्या वयाच्या एकाही पोराचे हात गावात असे राहिले नव्हते. सिताबाईनं मान फिरवली. भिंतीवर खिळा मोकळा दिसत होता, त्याला तिनं टॉवेल अडकवला.

"साहेबांसमोर आई म्हणायचं. लाजायचं नाही," महेश्वरीताईंनी त्याला बजावलं.

अकराच्या सुमारास जीप आली. भूकंपानंतर बांधलेल्या एकसारख्या घरांच्या ओळीत साहेबांना घर सापडेना, ते दोन दारं पुढं जाऊन माघारी आले. माणूस वयस्क होता, निवृत्तीला टेकलेला. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला.

"तू कुमार व्हय? चांगला खुटखुटीत आहेस की."

"आईच्या हातच्या भाकरीनं, साहेब."

आई हा शब्द सिताबाईनं ऐकला. किती दिवसांनी या घरात कुणी तो उच्चारला होता. ती चुलीपाशी जाऊन उगाच लाकडं सारत बसली.

"दारू कुठं मिळायची?"

"मिळती की साहेब. दूध मिळायला उशीर लागतो."

साहेब हसले. महेश्वरीताई जरा जास्तच हसल्या.

"विकणारा कोण?"

त्यानं चुलीकडं पाहिलं. सिताबाई पाठमोरीच म्हणाली, "त्याचं नाव आमच्या घरात घेत न्हाईत, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, चोवीस वर्षं मी असल्या याद्या बघतोय. कागदावर सगळीच सुधारलेली असतात. माझं गावही याच भागातलं. पोरगा बेलभंडार उचलंल का?"

महेश्वरीताईंचा चेहरा उतरला. सिताबाईच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. खोटा बेलभंडार उचलला की घरात दिवा लावायला माणूस उरत नाही, हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. नाही म्हणावं तर खिडकीजवळची खाट जाणार होती. देव्हाऱ्यातली ताटली घेऊन ती आली. ताटलीत बेलाचं पान होतं, चिमूटभर भंडारा होता. ती पुढं धरायच्या आधी तिनं देव्हाऱ्याकडं एकदा वळून पाहिलं.

त्यानं मात्र मागंपुढं पाहिलं नाही. पान उचललं, भंडारा कपाळाला लावला.

"देवाशपथ सांगतो, साहेब. या तोंडात दारूचा थेंब न्हाय."

साहेब तोंडाकडं बघत नव्हते, हाताकडं बघत होते. तळव्यावरचं पान जरासुद्धा हललं नाही.

"हे खरं," साहेब म्हणाले. त्यांनी तिथंच मांडीवर कागद घेऊन सही केली. "हप्ता सोडायला सांगतो. केंद्र चालू ठेवा, ताई." उठताना त्यांनी सिताबाईला हात जोडले. "असं पोरगं सगळ्यांना मिळो."

जीप वळणाआड गेली. महेश्वरीताई नोंदवही छातीशी धरून उंबऱ्यावर बसल्या.

सिताबाईनं कणगीत कोपरापर्यंत हात घातला. ज्वारीखालून दारूनं गेलेल्या थोरल्याचा, कुमारचा फोटो काढला, चंदनाच्या हारासकट. काचेवरचे दाणे पदरानं झाडले, टॉवेल काढला आणि फोटो त्या खिळ्याला लावला.

त्यानं सदरा उतरवला, नीट घडी घालून फोटोखाली ठेवला. फोटोला नमस्कार केला.

"येतो, मावशी," तो म्हणाला. "सकाळधरनं गुत्ता बंद हाय. गिऱ्हाईक खोळंबलं असंल."