पाहुण्यांचा गॅस

बिडकीनच्या मनकर्णाबाईनं गॅसच्या शेगडीवर भरतकामाचा रुमाल झाकून ठेवला होता. पाहुणे आले तरच तो उचलायचा. एरवी आपली चूल, धूर अन् खोकला.

निवडणुकीच्या तोंडावर गॅसचा भाव उतरला, तसा पुंजाराम बायकोला म्हणाला, "आता तरी गॅसवर कर. डॉक्टरनं धूर बंद सांगितलाय."

"मतं पडू द्या, भाव परत चढंल बघा. असू द्या पाहुण्यांपुरता."

मतं पडली, भाव चढला. मनकर्णाबाईचा खोकलाही वाढत गेला, अन् एका पहाटं थांबला.

तिच्या तेराव्याला घर माणसांनी भरलं. चहाचं पातेलं घेऊन लेक शेगडीपाशी अडली अन् बापाकडं बघू लागली.

"उचल बाई रुमाल," पुंजाराम म्हणाला, "पाहुणे आलेत."