ओट्सचं पाणी

"तळाशी बसलंय. परत दळ," आई म्हणाली आणि तिने पाण्याचा ग्लास लेकीच्या हातात परत दिला.

लेकीने ग्लास उजेडाकडे धरला. ओट्सचं पीठ खरंच तळाशी जाऊन बसलं होतं. पीठ पुरेसं बारीक असेल तर पाणी दुधासारखं पांढरं दिसायला हवं, हा आईचा दंडक. आई इस्पितळात मेट्रन होती. निवृत्त होऊन जमाना झाला तरी घराचा वॉर्ड तिने अजून कोणाच्या ताब्यात दिला नव्हता. बिल्डिंगमधले लोकसुद्धा तिला मेट्रनच म्हणत, आणि जरा लांबूनच म्हणत.

लेकीने निमूटपणे तिसऱ्यांदा मिक्सर लावला. एक डोळा भांड्यावर, एक घड्याळावर. नोकरीच्या गावाला जाणारी साडेदहाची बस चुकली तर उद्या कामावर हजर होता येणार नव्हतं, आणि आता एक दिवससुद्धा रजा मिळणार नाही, हे साहेबांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. आईला अंघोळ घालणारं कोणीतरी मिळाल्याशिवाय निघता येत नव्हतं. आईच्या अंगाला दिवसभर खाज सुटायची, पाठीपर्यंत हात पोचत नव्हता आणि टबात एकटीने उतरायचं म्हणजे हाडं मोडून घ्यायची. दोन बाया येऊन गेल्या होत्या. पहिलीने पाणी कढत केलं म्हणून आईने तिला वाटेला लावलं. दुसरीने टॉवेलने खसाखसा अंग पुसलं. "माणूस पुसतेस की फरशी?" एवढं ऐकल्यावर ती कशाला थांबते!

आज तिसरी आली होती. चाळिशीची, कमी बोलणारी. लेकीने मनातल्या मनात तिला हात जोडले होते.

पीठ एकदाचं पास झालं. ओट्सच्या पाण्याने खाज शमते, म्हणून लेकीने ते टबात नळाच्या धारेखाली सोडून पाणी ढवळलं आणि आईला आत उतरवलं. "सावकाश, बुळबुळीत झालंय." आई भिंतीकडे तोंड करून बसली. पाठभर कोरड्या, पांढुरक्या कातडीवर नखांचे लाल ओरखडे होते. लेकीला ते बघवेना.

नवी बाई पुढे झाली. तिने कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातले होते.

आईने मान वळवली. "हे काय?"

"हातमोजे, मावशी."

"ते दिसतंय मला. कशाला घातलेस?"

बाईने हातमोजे कोपराकडे आणखी वर ओढले.

"हे घालून पाणी कोमट आहे का कढत, ते कसं कळणार तुला? आणि माझं काही कोणाला लागणारं नाहीये. म्हातारपणाची कातडी आहे, कोरडी पडते. किळस येत असेल तर तोंडावर सांग."

"तसं नाही हो मावशी."

"आई, राहू दे ना," लेक म्हणाली. "हातमोज्यांनी काय बिघडतं?"

"तू मध्ये पडू नकोस. काढ गं ते."

बाईने आईकडे नाही, लेकीकडे पाहिलं. मग एकेक बोट सोडवत तिने हातमोजे काढले.

हात लालभडक होते. बोटांच्या सांध्यांवर चिरा पडलेल्या. एका चिरेत रक्त सुकलं होतं.

"सारखे साबणात असतात," बाई हात मागे नेत म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, कोणाला लागत नाही. पण आधीच्या घरी बघितले आणि दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणाले. म्हणून घालते, ताई."

संपलं, लेकीला वाटलं. आता हिलाही वाटेला लावणार. साहेबांना काय सांगायचं, याची जुळवाजुळव तिच्या डोक्यात सुरू झाली. तिला बाईचा राग आला. दोन दिवस तरी लपवता आलं नाही हिला? आणि राग आला म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

"इकडे आण," आई म्हणाली.

तिने बाईचा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, बोटं फाकवून मधल्या बेचक्या बघितल्या. लहानपणी ताप आला की आई असंच बघायची. लेकीच्या अंगावरून तो हात फिरून किती वर्षं झाली होती.

"रात्री खाजवतेस?"

"झोपेत. कळत नाही."

"मी जागेपणी खाजवते. कळतं, तरी." आई जराशी सरकली. "बाह्या वर घे. दोन्ही हात घाल पाण्यात."

"मावशी, तुमच्या अंघोळीच्या पाण्यात?"

"मग, तुझ्यासाठी वेगळं दळायला सांगू? तीनदा दळलंय तिने. चौथ्यांदा सांगितलं तर मला या टबातच बुडवेल."

बाई टबाशेजारी गुडघ्यांवर बसली. तिने हात दुधाळ पाण्यात सोडले आणि डोळे मिटून घेतले. आईने ओंजळ भरून पाणी तिच्या कोपरांवर सोडलं.

लेक टॉवेल घेऊन उभीच होती. "आई, मग मी..."

"तू अजून इथेच? बस कोणाची आहे, माझी का तुझी? जा. आणि दार ओढून घे, वारा येतोय."

लेकीने टॉवेल खुंटीला लावला, दार ओढून घेतलं. बॅग उचलण्यासाठी वाकली, तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. दोघींपैकी कोण हसलं, ते तिला बाहेरून ओळखता आलं नाही.