रेडकाची ढुशी

आण्णांच्या म्हशीनं शेपटी हाणली की शिवाजी पेठेतला फेटा थेट रंकाळ्यात पडायचा. खोटं वाटत असेल तर रंकाळ्याला विचारा. त्या सकाळी तिच्याच गोठ्यापुढं हातकणंगल्याचे आकाराम बसले होते. आण्णांची लीला त्यांना सून म्हणून हवी होती.

लीलाला मात्र पुण्याच्या प्रयोगशाळेत रक्तावर संशोधन करायचं होतं. जागा मिळाली होती. पण जायचं न्हाय म्हणून आण्णांनी तिची ट्रंक माळ्यावर टाकली होती.

"रक्तात काय शोधायचं?" आकाराम म्हणाले. "लालच असतंय की."

"मामा, रक्त लाल करायचं जनुक कानाच्या पेशीतबी हाय. पण तिथं ते गप्प बसतंय. जागं हुतंय ते फक्त नळीच्या मगजात, तुम्ही रस्स्यातनं ओढून खाता त्या. असं का, ते बघायचंय."

"मग आमच्यात ऱ्हाऊन बघ. पुस्तकं आणून देतो. पोरगी तीच, डोस्कं तेच. घर बदललं म्हणून काय बिघडतंय?"

लीला उठली. रेडकू सोडून तिनं गल्लीच्या टोकाला खांबाला बांधलं आणि चरवी आकारामांपुढं ठेवली.

"काढा धार."

आकारामांचा जन्म गोठ्यात गेलेला. त्यांनी कास धुतली, चुचकारलं, ओढलं. म्हैस रवंथ करत राहिली. चरवी कोरडी.

"दूध चोरतीया रांडंची," ते घाम पुसत म्हणाले.

लीलानं रेडकू सोडलं. ते धावत आलं, कासेला ढुशी दिली, आणि म्हशीनं पान्हा सोडला. चरवी भरली, घागर भरली, उरलेलं समोरच्या तालमीला पुरलं. एखादा पैलवान मी वाढवून सांगत असेन.

"जनुकाच्या तोंडाशी ह्या कासेगत एक जागा असती," लीला म्हणाली. "प्रमोटर म्हणतात. तिथं ढुशी देणारं रेडकू मगजातच असतंय. कानात न्हाय."

"कळलं," आकाराम हसले. "हुशार हाय पोरगी. मग सुपारी कधी फोडायची?"

"लीले, नीट बोल," आण्णा पुटपुटले.

"नीटच बोलतीया. मामा, तुमच्या घरात समदं हाय. माझं रेडकू न्हाय."

आकारामांनी आण्णांकडं बघितलं. आण्णांनी धारोष्ण दुधाचा पेला त्यांच्या हातात दिला, धोतराला हात पुसले आणि माळ्याला शिडी लावली.