जुन्या वळणाचं नाव

“बरंच सैल कर, आई. अजून पोट वाढणारच आहे,” ती म्हणाली.

आईने झग्याची बाजूची शिवण उसवली. आईचं दुकान म्हणजे जिन्याखालची चिंचोळी खोली. नवे कपडे ती शिवत नसे, लोकांचे जुने सैल-घट्ट करून द्यायची.

जावई स्टुलावर बसून मोबाइलवर नावं शोधत होता. “काय एकेक नावं! उच्चारताना जीभ अडकते. आई, तुम्हीच सुचवा. मुलगी झाली तर?”

“सगुणा,” आई पटकन म्हणाली. कुणी विचारायचीच जणू वाट बघत होती.

ती दचकली.

“सगुणा,” नवऱ्याने म्हणून पाहिलं. “वा! जुन्या वळणाचं, पण जड नाही. गुणांनी भरलेली. हाक मारायलाही छान. कुणाचं होतं हो?”

“होती आमच्याकडे एक. फार जीव होता माझा तिच्यावर.”

“गेली?”

“गेली. नाव इथेच ठेवून.” आईने दोरा दातांनी तोडला.

“हे नाव नको,” ती म्हणाली. “शाळेत छळतील तिला. पोरं ‘अवगुणा आली’ म्हणून ओरडतील. मास्तर म्हणतील, नाव सगुणा आणि गणितात भोपळा. सगळा वर्ग हसेल.”

“अगं, हल्ली अशीच नावं शोधून शोधून ठेवतात. माझ्या साहेबांनी नातीला पणजीचं नाव ठेवलंय आणि ऑफिसभर मिरवतात.”

“मिरवू देत. मला ते नाव ऐकलं तरी अंगावर काटा येतो.”

आई सुईत दोरा ओवायला लागली. काही केल्या ओवता येईना.

“राहिलं,” आई शेवटी म्हणाली. “तुझं लेकरू, तुझी मर्जी. मी काही बोलायची नाही. आजवर बोलले का कधी?”

संध्याकाळी आईचा फोन आला. “अगं, ऐक ना...”

“नावाचं असेल तर ठेव फोन.”

“नाही गं. झग्याचा हुक टोचतोय का, ते विचारायचं होतं.”

“नाही टोचत,” म्हणून तिनेच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या चावीवाल्याने कळवलं. आई दुकान उघडून मशीनपाशी बसली होती, ती बसल्या जागीच गेली.

लोक म्हणाले, सुखाचं मरण आलं. तिने मान डोलावली. हुक टोचत होता. तेवढं खरं सांगितलं असतं, तर आई म्हणाली असती, आत्ताच्या आत्ता ये. आणि ती दुकानात गेलीही असती कदाचित. पण तिला त्याहून जास्त खुपत होतं ते दुकानातलं बोलणं. आईच्या तोंडावर, तेही जावयासमोर. त्या सगुणेचं आईने किती केलं होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तोंडातून तेच गेलं.

मुलगीच झाली. दवाखान्यात नवरा बराच वेळ घुटमळला. मग म्हणाला, “एक विचारू? चिडू नकोस. आईंनी सुचवलेलं नाव ठेवूया?”

तिला वाटलं होतं, आपण रडू. पण ती नुसती “ठेव” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

तो पाळण्यावर वाकला. चुटक्या वाजवत, नवा बाप मारतो तशी मोठ्याने हाक मारली, “सगुणा! ए सगुणा!”

“ओ,” पलंगावरून उत्तर आलं.

तो हसला. “तुला नाही गं. लेकीला हाक मारतोय.”

ती कूस वळवून उठून बसली.

“आईची ती सगुणा मीच,” ती म्हणाली. “तिने ठेवलेलं नाव मी लग्नाआधीच टाकून दिलं.”