पाठीवरची चिंधी

खेकड्याच्या पाठीवर रामचा शर्ट होता.

झुंबरबाईंनी टबावरचं ओलं फडकं खाली टाकलं, पदराने डोळे पुसले आणि फडकं पुन्हा उचललं. चूक नव्हती. लिंबाएवढं अंग आणि कोळ्यासारख्या लांब टांगा असलेल्या त्या जिवाच्या पाठीवर हिरवी लोकर होती, सुतळी होती आणि मधोमध निळ्या चौकड्यांची चिंधी. तो कपडा त्यांनी स्वतः अमडापूरच्या बाजारातून लेकासाठी आणला होता.

त्या तडक आत गेल्या आणि पेटी उघडली. शर्टाची घडी जशीच्या तशी होती. आतल्या शिवणीची पट्टी मात्र कात्रीने कापलेली होती.

राम अपघातात गेला, तेव्हा सून माहेरी जाईल असं सगळ्या गल्लीने ठरवून टाकलं होतं. प्रतीक्षा गेली नाही. चिखलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि संध्याकाळी सासूच्या हातची भाकर खायची. तिच्याबद्दल एक अक्षर बोलायला जागा नव्हती. मग तिच्या अभ्यासासाठी हा खेकड्याचा टब आला. तो आणला गजेंद्रने. मूळचा नांदुऱ्याचा, नोकरी रत्नागिरीला, समुद्रातल्या जिवांच्या प्रयोगशाळेत. गंगा आणावी तसं कॅन भरून समुद्राचं पाणी घेऊन आला, काकू काकू करत जेवला आणि जेवून झाल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासलं. ताट घासणाऱ्या पुरुषाच्या मनात काहीतरी असणारच, हे झुंबरबाईंनी तेव्हाच ओळखलं. तेव्हापासून फोन सुरू झाले. प्रतीक्षा फोनवर हसायची आणि सासू दिसली की पाण्यात मीठ किती ते सांगायला लागायची. मीठ सांगताना कोणी हसतं का? आता रविवारी तो पुन्हा येणार होता. खेकडा बघायला म्हणे.

त्यात अधिक महिना लागलेला. घरोघर जावई धोंड्याच्या जेवणाला येत होते. शेजारी बेबीताईंकडे सकाळपासून अनारसे तळले जात होते. झुंबरबाईंना एकुलता एक लेक, मुलगी नाही. दर अधिकात त्या आपलं दार लोटून घ्यायच्या.

सून जाणार, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं. ती गेली की या घरात रामचं नाव घेणारं दुसरं कोणी उरणार नाही, याच विचाराने त्यांचा जीव तुटत होता. पण जायचं तर सरळ जावं. नवऱ्याच्या शर्टाच्या चिंध्या करून परक्याने आणलेल्या किड्याला नेसवायच्या? हवेची नळी ओढून काढून त्यांनी टबाला हात घातला आणि तो मोरीकडे तिरपा केला.

पाणी एका कडेला धावलं. खेकडा त्या पाण्याबरोबर नुसता घरंगळला. टांगा ढिल्या पडल्या होत्या.

मेला होता. झुंबरबाईंचा हात थांबला. इतक्यात दगडामागून दुसरा निघाला. तसाच, पण जरा मोठा, आणि अंगावर काही म्हणजे काही नाही. दुसरा कधी आला? आपण देवळात गेलो तेव्हा तो माणूस येऊन गेला की काय?

उघडा खेकडा हळूहळू मेलेल्याजवळ आला. त्याने चिमट्यात निळी चिंधी धरली, ओढून काढली, तोंडाशी नेऊन तिची कड चावली आणि आपल्या पाठीवर घासघास घासली. चिंधी चिकटून बसली.

"आई!" दारात प्रतीक्षा उभी होती, हातात टबाचं पाणी गार ठेवायला आणलेली बर्फाची पिशवी. "काय करून राह्यल्या तुम्ही?"

"हा दुसरा कोनं आनला?"

"दुसरा नाही, तोच आहे. ते त्याचं जुनं कवच. अंग वाढलं की सोडा लागते, नाही तर आतच मरते तो."

"मंग मेलेल्यावरचं काऊन काढून राह्यला?"

"या कोळी-खेकड्यांच्या लई जाती आहेत, आई. कोणी शेवाळ लावते, कोणी स्पंज. पाठीवर आकड्यावाणी केस असतात, त्यात अडकवते. हा बी नवी पाठ आली की जुनीवरचं काढते अन् नवीवर लावते."

"अन् पुढच्या खेपेले?"

"याले पुढची खेप नाही. ही शेवटची कात. आता मरेपर्यंत हीच पाठ."

झुंबरबाईंनी टब अजून तिरपाच धरला होता. "अन् शर्ट काऊन कापला?"

प्रतीक्षा खाली बसली. बर्फाचं पाणी तिच्या साडीवर गळत होतं. "अभ्यासासाठी दिवसभर याच्याकडंच पाहा लागते. म्हटलं, तेबी डोळ्यापुढं राहतील." मग मान खाली घालून म्हणाली, "गजेंद्रनं इचारलं आहे. मी अजून हाव म्हटलं नाही. तुम्हाले कसं सांगू, तेच समजत नव्हतं."

खेकड्याला काय कळतं? हाताशी आली ती चिंधी उचलली. लोकर अजून जुन्या कवचावरच होती. हे झुंबरबाईंनाही कळत होतं. तरी त्यांना रडू आवरेना.

त्यांनी टब सावकाश सरळ केला, नळी पुन्हा पाण्यात सोडली आणि पदराने नाक पुसलं. मग सकाळपासून लोटलेलं दार सताड उघडलं. बेबीताईंकडचा तळणाचा वास घरात आला.

"बसली काय अशी? अनारशाचे तांदूळ भिजू घाल," त्या म्हणाल्या. "रविवारी माहा जावई धोंड्याले येऊन राह्यला."