आठ सेकंदांची प्रार्थना

वॉशिंग मशीननं काम संपल्याची टुणटुण केली. तिचे हात कीबोर्डवर तसेच थांबले. आतल्या खोलीकडे कान लावून तिनं श्वास रोखला. लेक उठली नव्हती. म्हणजे अजून अर्धा तास आपला.

पडद्यावर उमेदवार प्रार्थना करत होता. देवाची हाक ऐकून निवडणुकीला उभा राहणारा सज्जन माणूस, अशी ती घरी बसून एडिट करत असलेल्या सिनेमाची गोष्ट. ती भूमिका खऱ्या निवडणुकीला उभ्या असलेल्या माणसानं स्वतःच घेतली होती. चर्चमधल्या लहान पोरांनाही येते ती प्रभूची प्रार्थना काही त्याला पाठ नव्हती. कॅमेऱ्याशेजारी कुणीतरी ती पुठ्ठ्यावर लिहून धरली होती. प्रत्येक ओळीला त्याचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकत आणि झटकन परत येत. 'आमच्या अपराधांची क्षमा कर' या ओळीपाशी तर तो थांबलाच, डोळे बारीक करून पुठ्ठ्याकडे बघत राहिला.

फोन थरथरला. दिग्दर्शक.

"सर, डोळे लपत नाहीयेत," ती कुजबुजली. "वाचतोय हे शेंबड्या पोरालाही कळेल."

"मग वरून दुसरं काहीतरी लाव ना. आपल्या चर्चच्या रेकॉर्डिंगमध्ये तुझ्या सासूबाई आहेत बघ, तिसऱ्या बाकावर. काय रडल्यात! आपली हिरॉईन ग्लिसरीन घालून नुसती शिंकते."

"सर, त्या दिवशी माझी छोटी ऑक्सिजनवर होती."

"अगं, रडण्याचं कारण पडद्यावर दिसतं का कुठं?" तो हसला. "उमेदवारसाहेब पाचला बघायला येतायत. लाव आणि पाठवून दे. देवाचंच काम आहे."

हे बसणार नाही, असं त्याला दाखवून द्यायचं म्हणून तिनं तो तुकडा उचलला.

बसला. आठ सेकंद. उमेदवार हात उंचावतो, सासूबाई डबडबलेल्या डोळ्यांनी वर बघतात, उमेदवार आमेन म्हणतो. जणू त्या त्याच्याच तोंडाकडे बघत होत्या. अख्ख्या सिनेमात इतका चपखल जोड दुसरा नव्हता.

उमेदवाराची किळस तर तिला महिनाभर येतच होती. आता स्वतःच्या बोटांची आली. तिनं ती कुर्त्याला पुसली, परत पुसली.

फोनवर संदेश उमटला. 'पाठवलंस?'

"आजी!"

लेक पडद्याकडे बघत दारात उभी होती. फ्रॉक चुरगळलेला, गालावर उशीची घडी. ती धावत आली आणि आईच्या मांडीवर चढून बसली.

"आजी का रडतेय?"

"तू दवाखान्यात होतीस ना, बाळा. माझ्या छकुलीला बरं कर, असं देवाला सांगत होती."

"परत लाव."

तिला नको होतं. पण लेकीनं तिचंच बोट धरून बटणावर ठेवलं होतं, आणि दाबलंही. हात उंचावला, आजी रडली, आमेन झालं.

लेक पुढे सरकली. पडद्याला नाक लावून तिनं उमेदवाराचा चेहरा नीट बघून घेतला. मग मान वळवून आईकडे पाहिलं.

"मग आजी या काकांना का सांगतेय?"