उसने आजोबा

हसरे आजोबा मंगळवारी सकाळी वारले, आणि ते वारलेले नाहीत असं वृद्धाश्रम संघटनेच्या कार्यकारिणीनं दुपारी सर्वानुमते ठरवलं. निदान शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी मावशींच्या आश्रमाची तपासणी होती, आणि मृत्यू कळवला की फोटोसकट नोंद थेट तपासनीस साहेबांच्या टेबलावर जाते. म्हणून आजोबांना शवागारात ठेवलं आणि कळवायचं शनिवारवर ढकललं.

तर आपणही तसंच धरून चालू. आजोबा आहेत. फक्त शुक्रवारी मोकळे नाहीत.

संघटना छोट्या आश्रमांची. ज्यांच्या पाठीशी कंपनी नाही, पुढारी नाही, अशांची बाजू सरकारदरबारी मांडणं हे चिटणीसबाईंचं काम. हसऱ्या आजोबांना गाडीत घालून तपासणी असेल त्या आश्रमात नेणं, हेही त्यांचंच काम. घटनेत लिहिलेलं नव्हतं, इतकंच.

कारण साधं होतं. साहेब शेवटी एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून विचारायचे, "इथं कसं वाटतं?" या प्रश्नाला खरी माणसं रडायची. एका आजींनी तर "घरी सोडता का?" म्हणत साहेबांची बाहीच धरली, सोडवायला दोघी लागल्या. हसरे आजोबा मात्र म्हणायचे, "अगदी घरच्यासारखं." साहेब मान खाली घालून लिहायचे. आश्रम पास.

"दरवेळी तेच आजोबा, आणि यांना ओळखू कसे येत नाहीत गं?" मावशींनी एकदा चिटणीसबाईंना विचारलं होतं.

"मावशी, आपण कबुतरं ओळखतो का? तसंच त्यांना म्हातारे."

आजोबाही कामाला चोख. आपल्या मागेपुढे कुणी नाही, हे आश्रमात आल्या दिवशीच सांगून मोकळे झालेले. तपासणी म्हटली की गुळगुळीत दाढी, धुतलेला सदरा. गाडीत बसताना एकच प्रश्न. "साहेब तेच ना? बदली नाही ना झाली?"

"तेच आहेत, आजोबा. घाबरू नका."

"घाबरतोय कशाला! नवा आला तर सगळं पहिल्यापासून."

साहेब मग त्यांना गुडघ्याचं, झोपेचं, जेवणाचं विचारत बसायचे. चिटणीसबाई याला सरकारी आपुलकी म्हणायच्या. वर्षाअखेरीस उरलेला निधी संपवतात ना, तशी.

शुक्रवार उजाडला. मावशींना आधीच शेवटची ताकीद मिळाली होती. या खेपेला नापास म्हणजे दाराला सील.

"मग यांना ठेवू कुठं?" मावशी खाटांकडे बघत म्हणाल्या. "घरी न्या म्हणावं, तर एकाच्या मुलानं फोन नंबर बदललाय आणि दुसऱ्याच्यानं घर."

चिटणीसबाईंनी बदली माणूस तयार केला होता. आश्रमातलेच निवृत्त कंडक्टर. दोन दिवस घोकून घेतलं होतं.

साहेब आले. आग विझवायचं नळकांडं पाहिलं, औषधांचं कपाट पाहिलं, आणि खुर्ची ओढून कंडक्टरांजवळ बसले. मान खाली, पेन तयार.

"इथं कसं वाटतं?"

"अगदी घरच्यासारखं," कंडक्टर खणखणीत आवाजात म्हणाले. "चला, पुढे सरका!"

पेन थांबलं. साहेबांनी मान वर केली. त्यांचे डोळे चिटणीसबाईंनी आज पहिल्यांदा पाहिले.

साहेब उठले. एकेका खाटेपाशी गेले. भिंतीकडे तोंड करून झोपलेल्यांना वाकून वाकून पाहिलं. न्हाणीघर उघडलं, स्वयंपाकघर उघडलं, मागच्या अंगणात जाऊन आले.

"संपलं गं," मावशींनी भिंतीला पाठ टेकली.

साहेब परत आले ते थेट चिटणीसबाईंसमोर. "नेहमीचे कुठं आहेत?"

"कोण नेहमीचे?"

"बाई, एकच माणूस मला इतकी वर्षं निरनिराळ्या आश्रमांत भेटतोय. माझे डोळे चांगले आहेत."

चिटणीसबाईंनी न ओळखल्याचं सोंग सोडलं. पण ठराव तो ठराव. "बरे आहेत, साहेब. जरा थकलेत. झोपून आहेत. चूक संघटनेची आहे, हवं तर माझ्यावर कारवाई करा. पण या माणसांना रस्त्यावर काढू नका."

"बरे आहेत ना? नक्की?"

"अगदी नक्की."

साहेबांनी मोठा श्वास सोडला. टेबलाशी जाऊन शिक्का काढला आणि मारला. पास. मावशी मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. त्यांचं बघून कंडक्टरही.

दाराशी जाऊन साहेब थांबले. मागे वळले नाहीत. कचेरीतल्या कोरड्या आवाजात म्हणाले, "संघटनेला माझी रीतसर विनंती आहे. सदर इसमास पुढील तपासणीस न चुकता हजर ठेवण्यात यावं. आणि तोवर बाबांना कळवण्यात यावं, की साहेबांनी त्यांची विचारपूस केली."